दीर्घिकांचे हौशी छायाचित्रण

घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून, स्वतःच्या लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशगंगेपलीकडील दीर्घिकांची छायाचित्रे घेण्याच्या छंदाला दीर्घिकांचे हौशी छायाचित्रण असे म्हणतात. ही खगोलीय छायाचित्रणाची एक शाखा आहे. चंद्र व ग्रह तेजस्वी असल्याने त्यांचे छायाचित्र सेकंदाच्या अंशात घेता येते. दीर्घिकेसाठी मात्र एकाच लक्ष्यावर कित्येक तास, पुष्कळदा अनेक रात्री, प्रकाश साठवावा लागतो.

इतिहास

देवयानी दीर्घिकेचे सर्पिल रूप प्रथम स्पष्टपणे दाखवणारे छायाचित्र एका हौशी निरीक्षकाचेच होते. वेल्समध्ये जन्मलेले आयझॅक रॉबर्ट्स हे व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार होते. लिव्हरपूलजवळील मॅघल येथील आपल्या खाजगी वेधशाळेतून, २० इंची परावर्ती दुर्बिणीने, त्यांनी १८८८ साली काचेच्या पट्टिकेवर हे छायाचित्र घेतले. त्या काळी देवयानी हा आकाशगंगेतीलच तेजोमेघ समजला जात असे, आणि त्या वलयांत नवी सूर्यमाला आकार घेत असावी असा रॉबर्ट्स यांचा तर्क होता. तर्क चुकला, तरी छायाचित्र टिकले. १९२३ साली एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीत एक सेफिड जातीचा चलतारा शोधला आणि ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले.

फिल्मच्या काळात हे काम कष्टाचे होते. उद्भासन लांबत जाई तशी फिल्मची संवेदनक्षमता घटत जाई. ती टिकवण्यासाठी काही हौशी मंडळी फिल्मला हायड्रोजनमिश्रित वायूची प्रक्रिया देत. १९९० नंतर सीसीडी आणि पुढे सीमॉस संवेदक आवाक्यात आले. फिल्म आपल्यावर पडलेल्या प्रकाशकणांपैकी जेमतेम काही टक्केच नोंदवत असे. आजचे चांगले संवेदक ८० टक्क्यांहून अधिक नोंदवतात.

मुख्य अडचण : आकाशाचा स्वतःचा उजेड

दीर्घिका दूर आहेत म्हणून त्यांचे छायाचित्र कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही आकाशात सुमारे तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्रांइतकी रुंद पसरलेली आहे. ती मोठी न दिसण्याचे कारण तिची पृष्ठतेजस्विता हे आहे. एवढ्या क्षेत्रावर विखुरलेला तिचा प्रकाश आकाशाच्या पार्श्वभूमीत बुडून जातो.

पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) प्रतीत मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट. अत्यंत काळोख्या ठिकाणचे आकाश सुमारे २२ प्रतीचे असते, तर मोठ्या शहराचे १८ प्रतीचे किंवा त्याहूनही उजळ. चार प्रतींचा हा फरक म्हणजे सुमारे ४० पट अधिक उजेड. एखाद्या दीर्घिकेचा बाह्य भुज २४ प्रतीचा असेल, तर काळोख्या गावी तो आकाशाच्या उजेडाच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतका असतो. शहरात तो अडीचशेव्या हिश्शाइतका उरतो.

हा उजेड नुसता वजा करून भागत नाही, कारण त्याच्याबरोबर आलेला यादृच्छिक गोंगाट मागे राहतो. प्रकाश साठवण्याचा काळ चौपट केला की संकेत चौपट वाढतो आणि गोंगाट दुप्पट. म्हणजे चित्राची प्रत केवळ दुपटीने सुधारते. याच हिशेबाने काळोख्या गावी एका तासात मिळणारा दर्जा ४० पट उजळ आकाशाखाली मिळवण्यास सुमारे ४० तास लागतात. मोठ्या दुर्बिणीवर खर्च करण्याऐवजी दुर्बीण घेऊन गावाबाहेर जाणे अधिक फलदायी ठरते, ते यामुळे.

प्रकाशप्रदूषण गाळणारे फिल्टर तेजोमेघांसाठी उपयोगी असले तरी दीर्घिकांसाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे. तेजोमेघाचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींचा असतो. दीर्घिकेचा प्रकाश हा मुख्यतः ताऱ्यांचा, सर्व रंगांचा असतो. रस्त्यांवरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाशही तसाच सर्व रंगांत पसरलेला असल्याने तो वेगळा काढता येत नाही. सर्पिल भुजांतील हायड्रोजनचे तांबडे ठिपके टिपण्यासाठी ६५६.३ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर वापरतात. मात्र दर सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेत ही रेषा दोन नॅनोमीटरहून अधिक सरकते आणि तीन नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरबाहेर पडते.

उपकरणे आणि पद्धत

दुर्बिणीपेक्षाही तिची बैठक महत्त्वाची असते, ही गोष्ट नवशिक्यांच्या उशिरा लक्षात येते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते, तर चांगल्या चित्रासाठी तारा एक-दोन विकलांहून अधिक हलता कामा नये. म्हणून पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारी विषुववृत्तीय बैठक वापरतात आणि दुसरा लहान कॅमेरा एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून तिच्या चुका सतत दुरुस्त करत राहतो. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. तो पुष्कळदा धुरकट हवेत किंवा समोरच्या इमारतीआड दडतो; अशा वेळी अक्ष जुळवण्यासाठी इतर ताऱ्यांचा आधार घ्यावा लागतो.

एक लांबलचक उद्भासन घेण्याऐवजी काही मिनिटांची अनेक उद्भासने घेऊन ती संगणकावर एकत्र रचतात. उपग्रह किंवा विमानाची रेघ उमटलेली चौकट त्यातून वगळता येते. संवेदकाचा स्वतःचा गोंगाट काढण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ चौकटी आणि धुळीचे डाग व कडांचा अंधार काढण्यासाठी समान उजेडाच्या ‘फ्लॅट’ चौकटी आवश्यक असतात. रचनेसाठी डीपस्कायस्टॅकर व सिरिल ही विनामूल्य सॉफ्टवेअर प्रचलित आहेत.

नंतरचा टप्पा चित्राचा फिका भाग उजळवण्याचा. येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. गोंगाट कमी करणारी व तपशील धारदार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने कधीकधी मूळ नोंदीत नसलेले धागेदोरे रंगवून देतात. चित्रासोबत दुर्बीण, एकूण उद्भासनकाळ, फिल्टर आणि स्थळ यांची नोंद देण्याची प्रथा आहे. अशी नोंद नसलेले चित्र सुंदर असले तरी अभ्यासाच्या उपयोगाचे नसते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

जून ते सप्टेंबर पावसाळ्यामुळे निरीक्षण जवळपास थांबते. ऑक्टोबरपासून देवयानी व त्रिकोणातील एम ३३ आणि मार्च-एप्रिलमध्ये सिंह व कन्या राशींतील दीर्घिका सोयीच्या असतात. दक्षिणेकडील आकाश हा येथील विशेष लाभ होय : नरतुरंगातील एनजीसी ५१२८ ही दीर्घिका पुण्याहून सुमारे २८ अंश उंचीपर्यंत चढते, तर लंडनहून ती कधीच उगवत नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी कार्यरत आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

विज्ञानातील योगदान

२० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोझारियो शहरात व्हिक्टर बुसो हे आपल्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. डोक्यावर आलेली एनजीसी ६१३ ही दीर्घिका त्यांनी निवडली आणि शहराच्या उजेडामुळे वीस-वीस सेकंदांचीच उद्भासने घेतली. त्या मालिकेच्या उत्तरार्धात पूर्वी नसलेला एक ठिपका उजळत गेलेला दिसला. अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागावर येतानाची ती नोंद होती. एसएन २०१६जीकेजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ताऱ्यावरील शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेतील अतिनवतारा जपानचे कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने शोधला.

त्याच वर्षी मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी यांनी देवयानीजवळ सुमारे दीड अंश लांबीची आयनीभूत ऑक्सिजनची कमान सापडल्याचे जाहीर केले. आकाशातील बहुधा सर्वाधिक छायाचित्रित दीर्घिकेशेजारी ती इतकी वर्षे अलक्षित राहिली होती, कारण ऑक्सिजनच्या अरुंद फिल्टरातून तेथे इतका दीर्घकाळ कोणी पाहिले नव्हते. ही कमान देवयानीशी संबंधित आहे की आकाशगंगेतीलच आहे, यावर मतभेद आहेत.

नवा ठिपका आढळल्यास तो लघुग्रह, चलतारा किंवा संवेदकाचा दोष नाही ना, हे जुन्या चित्रांशी ताडून आणि दुसरी चौकट घेऊन पाहतात. खात्री झाल्यावर ‘ट्रान्झियंट नेम सर्व्हर’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत वेळ व स्थान कळवले जाते.