भुकूमचे पाणी आणि पुण्याचा आराखडा (धागा)

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघाले की चांदणी चौकानंतर बावधन लागते, मग भूगाव आणि पुढे भुकूम. भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरउतारांवर रामनदीचा उगम आहे. तेथून ती भूगाव, बावधन करीत पाषाणच्या तलावात येते, पुढे सुतारवाडी-बाणेरमार्गे औंधच्या बाजूला मुळेला मिळते. पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानीतला. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासाला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या आवाराला, त्याचे पाणी जात असे.

नकाशा उघडून या छोट्या नदीवर पुणे महापालिकेची हद्द ठेवून पाहावी. भूगाव आणि बावधन यांच्या मध्ये कोठेतरी ती रेषा नदीला छेदून जाते. रेषेच्या वर ग्रामपंचायती आहेत, खाली महानगर. पाणी रेषेच्या वर जमा होते आणि बुडायचे ते रेषेच्या खाली बुडते. शहराचा आपत्ती आराखडा मात्र शहराच्या हद्दीत लिहिला जातो. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर १९६१ सालाकडे जावे लागते.

अंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पूर्ण झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यातच पाणी अडवायचे ठरले. विसर्गाची व्यवस्था अपुरी होती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मावळात धुवाधार पाऊस झाला, जलाशय अपेक्षेपेक्षा फार लवकर भरला आणि विसर्गाच्या मोरीवरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी त्या खचत्या बांधावर वाळूची पोती रचली. धरण त्यामुळे वाचले नाही, पण ते मध्यरात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले. त्या काही तासांचे मोल पुण्याने फारसे कधी मोजलेले नाही. मध्यरात्री, झोपलेल्या पेठांवर तेच पाणी आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

पानशेतचे पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले. १८७० च्या दशकातले ते दगडी धरण काही तास तग धरून राहिले आणि मग तेही फुटले. दुपारपर्यंत मुठेकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठा, डेक्कन जिमखाना आणि पलीकडचा भाग पाण्याखाली होता. लकडी पुलावरून पाणी वाहत होते. पेशवाईतले वाडे मातीचे होते. पाण्याच्या नुसत्या धक्क्यापेक्षा भिजलेल्या भिंतींनीच अनेक वाडे बसले. मृतांचा आकडा साधारण हजाराच्या आसपास सांगितला जातो, पण त्यावर आजही एकमत नाही.

येथे एक गोष्ट सहसा सुटते. ज्या धरणाने शहर बुडवले तेच शहराला पिण्याचे पाणी देत होते. खडकवासला गेला आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. भर पावसाळ्यात, चिखलाने भरलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याची वानवा, अशी ती विचित्र अवस्था होती. आपत्तीच्या शास्त्रात आज 'साखळी आपत्ती' म्हणतात तिचे याहून स्वच्छ उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागेल. पहिले संकट दुसऱ्याला जन्म देते आणि दुसऱ्याचा विचार कोणी केलेला नसतो.

धरणफुटी ही तेव्हा अगदीच अकल्पित गोष्ट होती, असेही म्हणता येत नाही. २ डिसेंबर १९५९ रोजी, म्हणजे पानशेतच्या अवघे दीड-पावणेदोन वर्षे आधी, फ्रान्समध्ये मालपासे धरण फुटून चारशेहून अधिक माणसे मेली होती. जगभरच्या अभियंत्यांना ती घटना ठाऊक होती. पुण्यात मात्र धरणावर काय चालले आहे हे काठावरच्या माणसाला वेळेत आणि नेमके कळेल, अशी यंत्रणा उभी नव्हती. चौकशीचीही परवड झाली. पहिला आयोग न्यायमूर्ती बावडेकरांचा. त्यांच्या मृत्यूमुळे तो अपुरा राहिला आणि काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. चौकशीचा रोख धरणावर होता आणि ते योग्यच होते. पण धोक्याचा इशारा शहरात कोणी, कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दांत द्यायचा, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

पुनर्वसनाने शहराचा आकारच बदलला. नदीकाठच्या पेठांतली कुटुंबे गोखलेनगर, पर्वती दर्शन, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. पानशेत पूरग्रस्तांच्या सोसायट्या हा पुण्याच्या भूगोलातला स्वतंत्र अध्याय आहे. यातली एक ओळ मात्र जरा थांबून वाचावी. सहकारनगरचा परिसर आंबील ओढ्याच्या खोऱ्यात येतो. नदीपासून हलवलेली वस्ती ओढ्याच्या शेजारी आली, आणि तेव्हा कोणालाही त्यात धोका दिसला नाही. ओढा म्हणजे काय, पावसाळ्यात चार दिवस वाहणारे पाणी!

आंबील ओढ्याची माहिती पुण्याला नव्हती असे नाही. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी वस्तीतून वाहत असे. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तो अडवून तळे केले आणि प्रवाह वळवला. आजचे सारसबाग त्याच तळ्याच्या जागी आहे. म्हणजे ओढ्याला कोठून जाऊ द्यायचे याचा विचार पेशवाईत झाला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या पात्रात भिंती आल्या, पूल आले, वाहनतळ आले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात तो ओढा अरण्येश्वर-सहकारनगर भागात घरांत शिरला. त्या एका रात्रीत पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पानशेतची स्मृती नदीची होती. यावेळी पाणी नदीतून आलेच नाही.

मधल्या काळात राज्यात आणि देशात कायदा बदलत गेला, तोही प्रत्येक वेळी एखाद्या मोठ्या आघातानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखड्यांचे काम गांभीर्याने सुरू झाले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या आधी वर्षभर त्सुनामीने किनारे उद्ध्वस्त केले होतेच. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणले, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्ष केले आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करण्याचे बंधन घातले. 'दरवर्षी' हा शब्द कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे.

आराखडा अद्ययावत करणे याचा अर्थ व्यवहारात पुष्कळदा एवढाच होतो की बदली झालेल्या अधिकाऱ्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक बदलायचे. तेही आवश्यक आहे, नाही असे नाही. रात्री दोनला चुकीचा क्रमांक लागला तर बाकीच्या दोनशे पानांचा उपयोग नाही. पण जमीन बदलली आहे का, पाण्याची वाट बदलली आहे का, गेल्या वर्षी शेत होते तेथे आज सातशे सदनिका आहेत का, हे तपासणे म्हणजे खरे अद्ययावतीकरण. पुणे जिल्ह्याने याची किंमत ३० जुलै २०१४ ला मोजली. आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या चालकाला गाव जागेवर दिसेना. कायदा येऊन तेव्हा आठ वर्षे उलटली होती.

नदीपुरते बोलायचे तर पुण्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुठेसाठी त्या अनुक्रमे ६० हजार आणि १ लाख क्युसेकच्या विसर्गावर आधारलेल्या आहेत. पानशेतचा लोंढा या दोन्हींच्या कितीतरी वर गेला होता. धरणफुटी हा वेगळा प्रकार, ती पूररेषेत बसत नाही, हे मान्य. पण २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरे बुडाली, लष्कराला बोलवावे लागले. निळ्या रेषेच्या हिशेबाच्या जेमतेम साठ टक्के पाण्यात हे घडले. रेषा कागदावर जेथे होती तेथेच राहिली. नदीचे पात्र तेवढे राहिले नव्हते. पहाटे विसर्ग वाढवल्याची सूचना आपल्यापर्यंत वेळेत पोचली नाही, अशी तक्रार तेथील रहिवाशांनी केली. १९६१ चाच प्रश्न, भ्रमणध्वनीच्या काळात.

आता पुन्हा मुळशी तालुक्याकडे यावे. या तालुक्याचे पाण्याशी नाते जुने आणि कडवट आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरणांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या जगातल्या अगदी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. ते मुळेवरचे धरण आजही टाटा कंपनीचे आहे, मुठेवरची धरणे पाटबंधारे खात्याची. मुठेवरचेच टेमघर याच तालुक्यात आहे आणि २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीने मोठी खळबळ उडवली होती. चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेव्हाही गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केलेल्या होत्या. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांवर आपत्कालीन कृती आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. पानशेतनंतर साठ वर्षांनी.

भुकूमला मात्र मोठे धरण नाही, मोठी नदीही नाही. आहे ती रामनदी, जिला पुष्कळ पुणेकर नाला म्हणूनच ओळखतात. ऑक्टोबर २०१० च्या आरंभी पुण्यात चोवीस तासांत १८० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा या नाल्याने आपण नदी असल्याचे पाषाण-बावधन भागाला दाखवून दिले. त्यानंतरच्या वर्षांत तिच्या उगमाकडचे डोंगरउतार झपाट्याने बदलले. भातखाचरे आणि गवताळ उतार पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. काँक्रीटचे वाहनतळ आणि फरसबंद अंगणे तसे करीत नाहीत. तेवढाच पाऊस आता खाली लवकर पोचतो, आणि एकदम पोचतो.

कारभाराची वाटणी पाहण्यासारखी आहे. भुकूममधल्या मोठ्या इमारतींना परवानगी देणारी संस्था पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये स्थापन झालेली. गावाचा गाडा ग्रामपंचायतीकडे. आपत्तीची जबाबदारी पौडच्या तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे. पूररेषा आखायची पाटबंधारे खात्याने. आणि खाली पाषाणमध्ये पाणी शिरले तर पंप घेऊन धावायचे महापालिकेच्या अग्निशमन दलाने. ३० जून २०२१ रोजी महापालिकेत २३ गावे आली, त्यांत बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे होती. भूगाव आणि भुकूम बाहेर राहिली. हद्द थोडी पश्चिमेला सरकली, पण उगमापर्यंत गेली नाही.

२०२५ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद केली. आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. वर्षानुवर्षे जिल्ह्याच्या आराखड्यात एखाद्या प्रकरणासारखे बसवलेल्या शहराला स्वतःचा आराखडा मिळण्याची ही सोय आहे, आणि शहराच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. पण ही तरतूदही शहर म्हणजे महापालिकेची हद्द असे धरून चालते. नदीचे खोरे हा शब्द अशा रचनेत सहज मावत नाही. जिल्हाधिकारी दोन्ही बाजूंना बसतात, एका ठिकाणी अध्यक्ष म्हणून, दुसरीकडे उपाध्यक्ष म्हणून. रामनदीच्या वरच्या आणि खालच्या काठांना जोडणारा कायद्यातला धागा एवढाच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९६१ ची ती रात्र आठवल्यावाचून राहत नाही. वाळूची पोती रचली जात होती ती शहरापासून कित्येक कोस दूर, पुण्याच्या कोणत्याही नगरपित्याच्या अधिकाराबाहेर, वेल्ह्याच्या डोंगरात. शहराचे भवितव्य त्या रात्री शहराच्या हद्दीत ठरत नव्हते. खाटपेवाडीचा तलाव पानशेतच्या मानाने ओंजळभर आहे, आणि रामनदीच्या पुराची तुलना त्या लोंढ्याशी करणे अतिशयोक्तीचे होईल. तरी पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री भुकूमच्या पुलाखालचे पाणी चढताना पहिल्यांदा दिसेल ते तिथल्याच कोणा माणसाला. त्याने कोणाला फोन करावा, आणि तो फोन घेणाऱ्याने बावधन-पाषाणच्या कोणत्या गल्लीत कोणाला उठवावे, हे ज्या पानावर लिहिलेले असायला हवे ते पान सध्याच्या रचनेत नेमके कोणाच्या आराखड्यात येते, हे शोधू पाहणाऱ्याने आधी पौडच्या कचेरीत जावे की शिवाजीनगरच्या महापालिका भवनात, येथूनच सुरुवात करावी लागते.