बरणीतला समुद्र

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या मुखाशी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी लागली, की समुद्र लांबवर मागे हटतो आणि एरवी पाण्याखाली असणारा काळा कातळ उघडा पडतो. माझ्या लहानपणी बायका कोयती-टोपली घेऊन कालवं काढायला निघत आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. त्यांचं काम चाललेलं असताना आम्ही कातळातल्या खळग्यांवर ओणवे होऊन बसत असू. हातभर पाण्यात अख्खा समुद्र असायचा. शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, दगडाच्या रंगात लपलेला मासा, बोट लावताच पाकळ्या मिटून घेणारं समुद्रफूल.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन गेलो. तिच्यात समुद्राचं पाणी भरलं. दोन शंखी खेकडे, बोटाएवढा एक मासा आणि नखानं खरवडून काढलेलं एक समुद्रफूल त्यात सोडलं, घट्ट झाकण लावलं आणि बरणी खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत घरातली सगळी माणसं ती बघून गेली. सकाळी उठून पाहतो, तर पाणी दुधाळ झालेलं, मासा उताणा, आणि झाकण उघडताच घाण वास. दादीनं बरणी परसात ओतली आणि एवढंच म्हणाली, "पाणी शिळं झालं रे."

पुढे वाचनाच्या नादात मत्स्यालयांचा इतिहास हाती लागला, तेव्हा दादीचं ते वाक्य आठवलं. समुद्राचं पाणी घरात शिळं होऊ न देणं, याच एका कोड्याशी युरोपातली काही माणसं एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं झटत होती.

त्यांतली पहिली एक बाई. जान व्हिलप्र-पॉवर. फ्रान्सच्या एका खेड्यातली ही मुलगी पॅरिसला येऊन कपडे शिवू लागली, एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तयार करून नावारूपाला आली आणि एका व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात गेली. तिथे तिला अर्गोनॉट नावाच्या प्राण्यानं वेड लावलं. हा अष्टपादाचा नातलग, पण कागदासारख्या पातळ शंखात राहणारा. हा शंख तो स्वतः घडवतो, की शंखी खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावतो, यावर विद्वानांचा वाद चालू होता. मेलेले नमुने बघून तो सुटणार नव्हता. 1832 साली जानबाईंनी काचेच्या टाक्या करवून घेतल्या आणि आसपासच्या समुद्रातले जिवंत अर्गोनॉट त्यांत ठेवले. शिवाय बंदरात पिंजरे नांगरून त्यांतही प्राणी पाळले. शंखाचा तुकडा मोडला तर तो प्राणी स्वतःच तो सांधतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वाद मिटला. शंख मादीचा, आणि तिनंच घडवलेला. पण जानबाईंच्या दारातच समुद्र होता. ताजं पाणी हवं तेव्हा मिळत होतं.

समुद्रापासून दूर काय करायचं? 1846 साली ॲना थिन या लंडनच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. तिथले काही जिवंत प्रवाळ त्यांनी सुई-दोऱ्यानं एका मोठ्या स्पंजला टाचून, पाण्याच्या भांड्यात घालून लंडनला आणले. आणलेलं पाणी संपत आलं, रोज नवं कुठून आणणार? तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती केली. घरात कामाला असलेली मुलगी उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास. चहा गार करायला आपण ओततो तसं. पाण्यात हवा मिसळायची आणि ते पुन्हा वापरण्याजोगं व्हायचं. लंडनमधले ते प्रवाळ त्या मुलीच्या दंडातल्या ताकदीवर जगले. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्रातलं शेवाळही ठेवलं.

त्या शेवाळाचं मर्म रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं 1850 साली गोड्या पाण्यातल्या प्रयोगातून मांडलं. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, मासा तो घेतो, गोगलगाय कुजकी पानं खाऊन पाणी स्वच्छ ठेवते. तिघांचा मेळ जमला, की पाणी टिकतं. मासे आणि शेवाळ यांच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही त्या पाण्यात राबत असतात, माशांच्या मलमूत्रातलं विष पचवत असतात. हे मात्र पुष्कळ नंतर उलगडलं.

खाऱ्या पाण्यात हा मेळ जमवणाऱ्यांत आणि तो घरोघर पोचवणाऱ्यांत मोठं नाव फिलिप हेन्री गॉस यांचं. अत्यंत धार्मिक वृत्तीचा हा निसर्गअभ्यासक समुद्रातल्या प्रत्येक जिवात निर्मात्याची कारागिरी पाहायचा. 1852 साली प्रकृती सुधारावी म्हणून ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले आणि ओहोटीच्या खळग्यांत रमले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 च्या मे महिन्यात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्याला गॉस यांनी जिवंत प्राणी पुरवले. पुढच्याच वर्षी त्यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द रूढ झाला. टाकी कशी करावी, हातोडी-छिन्नीनं कातळाचा तुकडा शेवाळासकट कसा काढावा, सगळं त्यात होतं. सोबत त्यांनी स्वतः काढलेली रंगीत चित्रं.

वेळही जमून आली होती. इंग्लंडात काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. गाड्या भरभरून माणसं किनाऱ्यावर उतरू लागली, बरण्या आणि छिन्न्या घेऊन. बहुतेकांच्या टाक्यांतलं पाणी माझ्या बरणीसारखंच शिळं होत असणार. मग पुन्हा किनारा, पुन्हा छिन्नी.

दहा-पंधरा वर्षांत हे वेड ओसरलं. पण गॉस यांचा मुलगा एडमंड यानं 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिलं आहे, की लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिलेले ते भरलेले खळगे आता उजाड झाले आहेत, संग्राहकांच्या झुंडींनी ते ओरबाडून नेले. आणि आपल्या पुस्तकांनीच हा घाला घातला, हे वडिलांना त्यांच्या हयातीतच उमगलं होतं, त्याचं त्यांना फार दुःख झालं होतं. ज्यानं लोकांना किनारा बघायला शिकवलं, त्याच्यामुळेच बघण्यासारखं फारसं उरलं नाही.

मला गॉस यांना दोष द्यावासा वाटत नाही. टाकीमुळेच लोकांना समुद्रातला जीव जिवंत, हलताना दिसला. मुंबईत चर्नी रोडला 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मी शाळकरी वयात काचेला नाक लावून उभा राहिलो होतो, तेव्हा आपल्याच अरबी समुद्रात असं काही राहतं हे मला पहिल्यांदा कळलं. पण नीट टाकी सांभाळणं म्हणजे रोजची राखण. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. म्हणून काचेवर खूण करून जेवढं पाणी घटलं तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे आपल्याकडे चूक लवकर भोवते. एक जीव मेला आणि तसाच राहिला, की बाकीच्यांवर संकट. शिवाय आता कायदाही आहे. 2001 साली प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र मिळालं. त्यांना हात लावणं हा गुन्हा आहे.

मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम ओहोटीच्या वेळी लोकांना कातळावर नेऊन तिथले जीव दाखवतो. बघायचं, फोटो काढायचा, उचललेला दगड होता तसाच ठेवायचा आणि रिकाम्या हातानं परतायचं.

गेल्या उधाणाला पुतण्याची मुलगी गावी आली होती. तिच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. एक शंखी खेकडा तिनं तीत अलगद सोडला आणि विचारलं, "दादा, घरी नेऊ?" मी तिला दादीचं वाक्य सांगितलं, बरणीची गोष्ट सांगितली. ती जरा हिरमुसली. मग आम्ही दोघं त्याच खळग्याच्या काठाशी बसलो, तिनं बाटली पाण्यात आडवी धरली. खेकडा बराच वेळ शंखातच बसून राहिला, मग एकेक पाय बाहेर काढत दगडाआड गेला. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत आम्ही उठलो नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)