खाजण बांधणारा शेतकरी

गोमंतकातील वास्तूंचा विषय निघाला की देवालये, इगर्ज्या आणि किल्ले डोळ्यांपुढे उभे राहतात. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठाकाठाने मैलोगणती गेलेला मातीचा बांध हीही एक वास्तूच आहे, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, म्हणजेच खाजण, गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर भरते. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही भूमी शेतकऱ्याने हाताने बांधून काढली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्या शेतकऱ्याचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्याचे नाव सांगावे म्हटले तर कागदपत्रे फारशी साहाय्य करीत नाहीत. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाचा एक प्राचीन ताम्रपट बांदोडे येथे सापडला आहे. त्यात खाजणाचा उल्लेख आहे, आणि खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालून ती जमीन लागवडीस आणण्याची गोष्टही आहे. दान देणाऱ्या राजाचे नाव त्यात आहे, दान घेणाऱ्या हस्त्यार्य ब्राह्मणाचेही आहे. ज्या सेवकांनी चिखल वाहून तो बांध घालावयाचा, त्यांची नावे मात्र नाहीत. पुढे पोर्तुगीज अमलात, १६ सप्टेंबर १५२६ रोजी, अफोन्सु मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या रूढी एका सनदेत नोंदवून घेतल्या. ओसाड बेटावर पूर्वी चार पुरुष आले, त्यांनी ते लागवडीस आणले आणि त्यांच्या उत्तम कारभारामुळे त्यांना गावकार हे नाव पडले, अशी परंपरा त्या सनदेत दिली आहे. हे चार पुरुषही अनामिकच राहिले. कर किती आणि तो कोणी भरावा, याचा तपशील मात्र पुढच्या काळाने काळजीपूर्वक जपला.

नावे हरपली, तरी हातांचे काम उरले आहे. बांधाचा गाभा चिकण मातीचा. तिला धरून ठेवण्यासाठी पेंढा, फांद्या आणि खुंट वापरीत. प्रवाहाचा मारा जेथे अधिक, तेथे बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाची बांधणी करीत. बांधाबाहेर वाढणारी खारफुटीची झाडे लाटांचा जोर मोडीत. या सर्व रचनेचे मर्म ‘मानस’ या लाकडी दारात आहे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याच्या झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातील पाणी नदीत जाते. आतली ‘पोंय’ हे पाणी साठवते व वाहून नेते. समुद्राच्याच बळाने समुद्राला दाराबाहेर ठेवण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला निरक्षर म्हणून दूर सारणे हा आपलाच अडाणीपणा ठरेल.

हा कारागीर बांधावरून घरी येई तो शेतकरी होऊन, आणि त्याच्या शेतीत सारे घर राबे. पहिल्या पावसांनी जमिनीतील खार धुऊन गेला की कोरगुटासारखे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात पेरावयाचे. लावणी, बेणणी, उकडा भात वाळविणे ही कामे बहुतांशी बायकांच्या हातची. पाखरे हाकण्याचे काम मुलांचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो रात्री बांधावर जाई तेव्हा घरची माणसे जागी असत, कारण बांध फुटला तर त्या वर्षीची पेजच हरपे. खारावलेली जमीन पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागत. अंगणात तुळस असो वा खुरीस, ही काळजी सर्वांना सारखीच होती. बापाने मुलाला बांधाची कमकुवत जागा पायाखालून दाखवावयाची, हेच त्या घरचे शिक्षण होते.

एकट्याने एवढे काम झाले नसते. बांध, मानस आणि पोंय यांची व्यवस्था गावकरी पाही. मानशीवरील मासेमारीच्या पावणीचे उत्पन्न गावाच्या कामी येई. तथापि या संस्थेचे स्तवन करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. गावकारपण पुरुषांच्या वंशपरंपरेने मिळत असे. प्रत्यक्ष चिखल उपसणाऱ्या कुणबी-गावडे कष्टकऱ्यांपैकी कित्येकांना कारभारात स्थान नव्हते, आणि स्त्रियांना तर मुळीच नव्हते. बांध सर्वांचा असला, तरी मान सर्वांचा नव्हता.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६४ साली कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, हा न्यायच झाला. परंतु बांधाचे पालकत्व कूळसंघांकडे गेले, तेव्हा जुनी सामुदायिक शिस्त आणि तिच्या पाठीशी असलेले उत्पन्न तितक्या सहजतेने त्यांच्या हाती आले नाही. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध झिजले. मासळीचा भाव चढला तसा खारे पाणी आत घेण्याचा मोह वाढला, आणि पुष्कळ ठिकाणी भातशेतीचे तळे झाले. बांध फुटण्याआधी जमीन, पीक आणि मासळी यांना एकत्र धरणारे कर्तव्य फुटले होते. शेताच्या धन्याला पीक नको झाले, मानशीच्या ठेकेदाराला शेत नको झाले. बांधाच्या आत घर असलेला माणूस तेवढा दोहोंमध्ये सापडला.

आज बांधांसाठी योजना होतात, पैसाही मंजूर होतो. पण कोणत्या वळणावर पाणी खाली पोखरते, कोणती माती कोठून आणावी, मानस केव्हा उतरवून दुरुस्त करावी, हे ज्ञान अद्याप काही वृद्धांच्या स्मरणात आहे आणि ते त्यांच्याबरोबर जाणार आहे. वाचकांपैकी ज्यांचे गाव खाजणकाठी असेल, त्यांनी अशा एखाद्या वृद्धाबरोबर ओहोटीच्या वेळी बांधावरून चालावे, तो सांगेल ते लिहून घ्यावे, आणि त्या कागदाच्या माथ्यावर, त्याच्या संमतीने, त्याचे नाव लिहावे. ताम्रपटाने आणि सनदेने जे केले नाही, ते एवढ्याने होईल.