जुन्या बाजारातून घेऊ नयेत अशा वस्तू

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा नाही. शिसवी कपाट, पितळेची भांडी, पुस्तके किंवा सायकल योग्य दरात मिळाली, तर पैसा वाचतो आणि टिकाऊ वस्तूचे आयुष्यही वाढते. गोव्यात नोकरी-शिक्षणानिमित्त भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्यांना तर जुन्या बाजाराचा मोठाच आधार असतो. मात्र काही वस्तूंचा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा वस्तू नव्याच घ्याव्यात.

हेल्मेट : हेल्मेटच्या कवचाखालील थर्माकोलसारखा थर आघात झेलताना दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले, तरी त्याची संरक्षणशक्ती घटलेली असू शकते. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी मोटारीत बसविण्याच्या आसनालाही हाच न्याय लागू पडतो.

टायर : रबर वापराविनाही कडक होत जाते. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली, तरी जुने रबर पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर दगा देऊ शकते.

गॅसची साधने : घरगुती सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. तो आणि रेग्युलेटर ग्राहकाकडे अनामत रकमेवर असतात. त्यांची परस्पर विक्री करता येत नाही. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी, असे तेल कंपन्या सांगतात. जुन्या शेगडीसोबत ‘फुकट’ मिळालेली नळी म्हणूनच वापरू नये. प्रेशर कुकरचीही तीच गत. झाकण, रबर आणि सुरक्षा झडप मूळ कंपनीची नसल्यास वाफेचा दाब धोकादायक ठरतो.

गाद्या आणि उशा : ढेकूण शिवणीत दडतात आणि अन्नावाचून कित्येक महिने तग धरतात. येथील दमट हवेत कापसाला बुरशीही लवकर धरते. दोन्हींचा उपद्रव गादी घरात आल्यावरच कळतो.

मोबाइल : बिल नसलेला फोन चोरीचा असू शकतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असतानाही तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. फोन घ्यायचाच असेल, तर *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक पाहावा, तो ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावा आणि विक्रेत्याकडून मूळ बिल घ्यावे. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र कितीही स्वस्त असला, तरी नाकारावा.

कोणतीही जुनी वस्तू हाती घेताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हिचा दोष मला पाहून ओळखता येईल काय? आणि तो ओळखता आला नाही, तर नुकसान पैशाचे होईल की जिवाचे? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘जिवाचे’ असेल, तर वाचलेले पैसे महागच पडतात. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते.