नाम, विशेषण आणि औंढ्याचे खेचर

औंढा नागनाथाचे देऊळ पाहताना आपण सहज ‘दगडी देऊळ’, ‘हेमाडपंती बांधणी’ म्हणून जातो. दगड हे नाम, दगडी हे विशेषण. हेमाडपंत हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. त्याच्या नावावरूनच विशेषण झाले. उलट प्रवासही येथेच दिसतो. नामदेवांना याच क्षेत्री विसोबा खेचर हे गुरू भेटले, अशी परंपरा आहे. ‘खेचर’ म्हणजे आकाशात संचार करणारा. मूळचे विशेषण येथे नाव होऊन बसले.

ही सरमिसळ नवी नव्हे. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले. विशेषणाला वेगळे घर दिले नाही. अरबी व्याकरणातही विशेषण ‘इस्मा’तच मोडते. लॅटिन परंपरेला अनुसरून इंग्रज वैयाकरणही दीर्घकाळ ‘नाउन सब्स्टँटिव्ह’ व ‘नाउन अ‍ॅड्जेक्टिव्ह’ असे नामाचेच दोन प्रकार मानत. अठराव्या शतकात ही वाटणी पक्की झाली. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले, तेव्हा इंग्रजीच्या धर्तीवरील शब्दजाती मराठीत आल्या. पुढे मो. के. दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या वर्गीकरणाची कसून चर्चा केली.

हा इतिहास आठवण्याचे कारण आजच्या वर्गात आहे. औंढ्याचा विद्यार्थी ‘आय अ‍ॅम हंगर’ लिहितो आणि त्याखाली तांबडी रेघ येते. पण त्याची चूक आंधळी नाही. मराठीत भूक लागते, तहान लागते, राग येतो, भीती वाटते. ही सारी नामे आहेत. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘हंग्री’, ‘थर्स्टी’, ‘अँग्री’, ‘अफ्रेड’ असतो, ही विशेषणे. त्यातून ‘कोल्ड’ तर सर्दीही होतो आणि थंडही. शब्दाचे रूप बदलत नाही, जागा बदलते.

मराठीत ‘काळ्या दगडाला’ म्हणताना प्रत्यय नामाला लागतो; नाम गळले, की ‘काळ्याला’ असे होऊन विशेषणच तो पत्करते. ही खूण मुलाला आपल्या भाषेतून आधीच ठाऊक असते. तेथून सुरुवात केली, तर इंग्रजीची जात शिकवणे सोपे जाईल. रेघ मारण्यापूर्वी शिक्षकाने एवढे तरी विचारावे: या मुलाला नाम कळले नाही, की त्याने आपल्या भाषेशी इमान राखले?