'ताब्यात घेतलेली' पोरं

पत्रकारितेत नवा होतो तेव्हाची माझी एक बातमी कात्रणांच्या फायलीत अजून आहे. 'एसटी स्टँडवरील सहा मुले ताब्यात.' रिकाम्या बाटल्या वेचणारी, रात्री फलाटावरच झोपणारी पोरं. पंधरा दिवसांनी त्यातलाच एक परत स्टँडवर भेटला. म्हणाला, "पेपरवाले दादा, आम्ही काय चोरलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, हा 'ताब्यात' शब्द फार जुना आहे.

मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४ ला मुंबई बालक अधिनियम आला. चांगला हेतू होताच, पण निराधार पोर आणि गुन्हा केलेलं पोर, दोघांची वाट पोलीस आणि कोर्टातूनच जायची. १९५९ च्या कायद्याने भीक मागणं हाच गुन्हा ठरवला. १९८६ च्या कायद्यात रस्त्यावरच्या मुलाला नाव मिळालं 'उपेक्षित'. म्हणजे सव्वाशे वर्षं मोठी माणसंच ठरवत होती, कुणाला उचलायचं आणि कुठे ठेवायचं. पोराला कुणी विचारलंच नाही.

हे उलटं फिरलं १९९६ मध्ये, आपल्या मुंबईतच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ ही हेल्पलाईन सुरू केली. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही लक्षात राहावा म्हणून 'दस नौ आठ'. आता पोर स्वतः हाक मारू शकत होतं!

मग कायद्याची भाषाही बदलली. २००० पासून हे मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' झालं. आजच्या २०१५ च्या कायद्यात असं मूल सापडलं की २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

२०२३ पासून १०९८ सरकारच्या हाती गेली. ठीक आहे, नंबर तोच आहे. पण गेल्या आठवड्यात आमच्या स्टँडवर पाच पोरांना विचारलं, एकालाही तो माहीत नव्हता. स्टँडवर गुटख्याविरुद्धचा बोर्ड आहे, खिसेकापूंपासून सावध राहायचा आहे. १०९८ चा कुठेच नाही.

आगारप्रमुखांना उद्या अर्ज देतोय. आपल्या गावच्या स्टँडवर हा नंबर लिहिलेला आहे का, जरा बघून कमेंटमध्ये सांगा.