सतराव्या ओळीवरची तपासणी

जुलै 1984. सिंहगडावर पाऊस असा लागलाय की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. ओली छत्री दाराशी टेकवून तुम्ही दूरदर्शनच्या सहक्षेपण केंद्रात शिरता. मुंबईचा कार्यक्रम इथून पुण्यात पोचवण्याचं काम 1973 पासून चालू आहे. पंख्यांची घरघर एवढी की शेजारच्याशीही मोठ्यानंच बोलावं लागतं.

मॉनिटरवर संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या आहेत. चित्र झकास आहे, असं तुम्ही म्हणता. ड्यूटीवरचे इंजिनिअर हसतात. "डोळ्यांवर काय जाता साहेब? स्कोप बघा."

स्कोपवर हिरवी रेघ थरथरते आहे. चित्राच्या 625 ओळी, प्रत्येकीला 64 मायक्रोसेकंद. चित्र रेखणारा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या तळापासून पुन्हा वर जाईपर्यंतच्या ओळी प्रेक्षकाला दिसत नाहीत. त्यांतल्याच 17, 18, 330 आणि 331 या ओळींवर तपासणीचे संकेत बसवतात. बातम्या चालू, मोजमापही चालू. पुण्यात कुणाला पत्ता नाही.

ट्रान्समीटरमधून बाहेर पडणाऱ्या लहरींचा नमुना स्कोपला जोडलेला आहे. इंजिनिअर नॉब फिरवून सतरावी ओळ पकडतात. आधी पांढरा पट्टा दिसतो, 700 मिलिव्होल्ट उंच, माथा सपाट. शेजारी सुईसारखा पल्स, अर्ध्या उंचीवर जेमतेम 200 नॅनोसेकंद रुंद. दोघांची उंची सारखी हवी. पल्स बुटका झाला, तर चित्रातले बारकावे गेले म्हणून समजायचं.

मग 330वी ओळ. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या चढत जातात आणि त्यांच्यावर 4.43 मेगाहर्ट्झची रंगलहर. प्रत्येक पायरीवर ती सारख्याच उंचीची हवी. आज मात्र काळ्याकडच्या पायरीवर ती आखूड झाली आहे. याला डिफरन्शियल गेन म्हणतात. अंधाऱ्या दृश्यात रंग फिके पडणार. लहरीची फेजही पायरीगणिक सरकू शकते. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत त्यानं चेहऱ्याची रंगछटाच बदलते. आपल्याकडच्या पॅलमध्ये एका ओळीतली चूक पुढची ओळ उलट दिशेनं भरून काढते आणि रंग फक्त किंचित फिका होतो.

रंगलहर काळ्याकडेच का दबली? आपल्या प्रक्षेपणात काळ्याला जास्त शक्ती लागते, पांढऱ्याला कमी आणि सिंकला, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या पल्सला, सर्वांत जास्त. शक्ती वाढली की ट्रान्समीटर वरचा भाग दाबतो. तुम्ही सिंकवर नजर टाकता: 300 मिलिव्होल्ट हवा, तोही दबलाय. तो आणखी दबला, तर जिथं संकेत क्षीण आहे तिथं चित्र वरखाली धावेल आणि कुणीतरी पावसात गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत बसेल.

इंजिनिअर सुधारक सर्किटचा स्क्रू हळूच वळवतात. ट्रान्समीटर जेवढं दाबणार, तेवढं आधीच ताणून द्यायचं. स्कोपवरच्या पायऱ्यांवरची लहर एकसारखी होते, सिंक 300वर येतो. मॉनिटरवर मात्र तुम्हाला काहीच फरक दिसत नाही.

ठरलेला आकार पाठवायचा आणि बाहेर पडलेला आकार त्याच्याशी ताडून पाहायचा. तोवर कुठल्याही इंजिनिअरनं चित्र चांगलं असल्याची खात्री देऊ नये.